तबलीमागच्या पट्ट्या

जळल्याचा वास आला म्हणून भिकुबाई पिठाचे हात घेऊन तशीच मागच्या दारात आली. दुकानात भटू मिस्तरी शेगडीपुढे उकिडवा बसून सरसाच्या डब्यात काडी फिरवत होता. वास त्यालाही आला होता. सरस कातड्याचाच बनतो, तापला की त्याला कातड्याचा वास येतोच. पण हा वास निराळा होता.

"सरस जळना का?" तिनं विचारलं.

"नही," तो म्हणाला आणि त्यानं खाली पाहिलं. उजव्या तळहाताची करंगळीकडची कड शेगडीच्या तापलेल्या काठाला टेकलेली होती. किती वेळ, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं हात उचलला तेव्हा थोडं कातडं काठालाच राहिलं. "कोळसा फुटना," असं पुटपुटून त्यानं हात मांडीखाली सरकवला.

भिकुबाई क्षणभर उभी राहिली आणि आत गेली. भटू कळ येण्याची वाट पाहत बसला. कधीकधी मार बसतो तेव्हा कळत नाही, मागून ठणकतं. पण शेगडीतले कोळसे राखाडी झाले तरी ठणका लागला नाही.

धुळ्यात पाचव्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. बाप शिंदखेड्याहून येऊन इथं बसला होता. पेट्या दुरुस्त करायच्या, भजनाच्या वीणा आणि एकतारी बनवायच्या, कधी एखादी सतार उघडायची, हे त्या घरातलं काम. साक्रीपासून शिरपूरपर्यंतच्या भजनी मंडळांना भटू मिस्तरी माहीत होता. पन्नाशीला आलेला, कमी बोलणारा माणूस. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच होतं, की तो डाव्या हातानं तबलीवर, म्हणजे वाद्याच्या तोंडावरच्या पातळ फळीवर, टिचकी मारताना उजव्या हाताची कड लाकडाला टेकवायचा आणि डोळे मिटायचा. बापानं तसं शिकवलं होतं. कान फसतो, हात फसत नाही, असं बाप म्हणायचा.

आता त्या कडेला काही कळत नव्हतं. गेल्या पावसाळ्यात करंगळी जड वाटू लागली, मग तिच्या शेजारचं बोट. कोपराच्या वर रुपयाएवढा फिकट चट्टा उठला. उन्हात सगळं अंग घामानं भिजायचं, तेवढी जागा कोरडी राहायची. या चट्ट्याला त्याच्या गावात काय म्हणतात ते त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो शब्द त्यानं मनातसुद्धा उच्चारला नव्हता. बाहीची बटणं मात्र तो आता उन्हाळ्यातही लावायचा.

त्या दिवशी समोर जे काम पडलं होतं तसं काम त्याच्या हातात पूर्वी कधी आलं नव्हतं. पंधरवड्यापूर्वी शमुवेल गावित नावाचा एक तरुण सायकलवरून आला. नवापूरकडचा, धुळ्यात सरकारी नोकरीला. पोत्यात गुंडाळलेली गिटार त्यानं दुकानाच्या फळीवर ठेवली. पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळे राहून तिची तबली भोकापासून बुडापर्यंत चिरली होती आणि तारा टेकतात त्या घोडीच्या पुढे खोल बसली होती. ही गिटार त्याला त्याच्या मास्तरांनी मरताना दिली होती. ईस्टरला ती वाजवायची असं त्यानं कुणाला तरी कबूल केलं होतं.

भटूनं तबली सोडवून आत पाहिलं. तबलीच्या मागच्या अंगाला बारीक पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. दोन लांब पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवरून गेलेल्या, त्यांच्या आसपास लहान लहान. तीन पट्ट्यांचा सरस उन्हानं सुटला होता. त्याला बघताबघता उमजलं. सहा पोलादी तारा घोडीला रात्रंदिवस ओढत असतात आणि तबली तर पुठ्ठ्याइतकी पातळ. ती ओढ या पट्ट्या धरून ठेवतात. पट्टी जाड राहिली तर आवाज आतच कोंडतो. पातळ झाली तर तबली बसते. मधलं माप कुठं आहे ते कुठल्याच पट्टीवर लिहिलेलं नसतं, हातालाच कळावं लागतं.

जुनी तबली वाचणार नाही, असं त्यानं गावितला सांगितलं. नवीन बनवायची तर तसं लाकूड आपल्याकडे नाही. चार दिवसांनी गावित सायकलच्या कॅरियरला एक लांब फळी बांधून आला. मिशनच्या बंगल्यातल्या जुन्या पियानोला वाळवीनं खाल्लं होतं, त्याच्या पोटातली ही फळी. पांढरंशुभ्र, हलकं विलायती लाकूड, कंगव्याच्या दात्यांसारख्या सरळ रेषा. वाळवी न लागलेला तुकडा मोजून पाहिला तर एक तबली आणि तिच्या पट्ट्या, एवढाच निघत होता. चुकलं तर दुसरं लाकूड नव्हतं.

हात भाजला त्याच संध्याकाळी शेजारचा लखीचंद दुकानात डोकावला. लखीचंदचं धान्याचं दुकान होतं. दोघं वीस वर्षांचे शेजारी, एका किटलीतला चहा घेणारे. त्यानं आवाज खाली आणला.

"मिस्तरी, तो सायकलवाला कोन शे, माहीत शे का तुले? रगतपितीवाला शे तो, महारोग तपासस. सरकारनी ठेवेल शे. घरोघर लोकेस्ना अंगवरला चट्टा देखत फिरस. त्याले दुकानमा जास्ती बसू देऊ नको. लोक काही बी समजतस."

तो चांगल्या मनानं सांगत होता. भटूनं मान हलवली. लखीचंद गेल्यावर त्यानं बाहीचं बटण चाचपून पाहिलं.

पुढचे पंधरा दिवस त्याचे फार वाईट गेले. गावित दर दोन-तीन दिवसांनी यायचा, फळीवर बसून रंधा बघायचा, कधी काही विचारायचा. भटू त्याच्याकडे डावी बाजू करून काम करायचा. काम लवकर संपवावं, गिटार त्याच्या हातात द्यावी आणि त्याची सायकल पुन्हा या गल्लीत दिसू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. पण घाई केली तर लाकूड जाईल, ही भीती त्याहून मोठी. त्यातून कोकिळेचं लग्न वैशाखात ठरलं होतं. कोकिळा त्याची एकुलती एक मुलगी. जळगावजवळ पिंप्राळ्याला मुलगा बघितला होता, कापसाच्या जिनमध्ये फिटर. माणसं चांगली होती. साखरपुड्याला त्यांनी भटूच्याच पेटीवर भजन म्हटलं होतं.

तबली तासून झाली. फुलीच्या पट्ट्या जागेवर बसवून त्यानं सरस लावला आणि बांबूच्या कामट्या वाकवून पट्टी आणि माळ्याची तुळई यांच्यामध्ये अडकवल्या. वाकलेल्या कामट्यांचा दाब पट्ट्यांवर. दोन दिवस दुकानात त्या बारा-पंधरा कामट्या ताणलेल्या उभ्या होत्या आणि तो जाता-येता त्यांच्याकडे बघत होता. एखादी निसटली तर तबलीला खोच पडेल.

तिसऱ्या दिवशी कामट्या काढून त्यानं पट्ट्या पटाशीनं उतरवायला, म्हणजे तासून पातळ करायला, घेतल्या. एक छिलका काढायचा, टिचकी मारायची, पुन्हा एक छिलका. हाताची कड तबलीला टेकवून त्यानं डोळे मिटले. लाकूड टेकलं आहे की नाही, तेसुद्धा कळेना. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं, कान खाली आणून पाहिलं. मग डोळे उघडून, बरोबर वाटलं तिथं डाव्या हातानं पटाशी चालवली. छिलका उचलला तेव्हा पांढऱ्या लाकडावर तांबडा ओघळ होता. तो आधी समजला की पान खाणारं कुणी थुंकलं. मग करंगळी दिसली. पटाशी हाडापर्यंत गेली होती.

"कोकिळा पाणी भराले जायेल शे," भिकुबाईचा आवाज मागून आला. ती कधीची दारात होती कुणास ठाऊक. तिनं लुगड्याचा जुना धडपा फाडला, बोट बांधलं, ओल्या फडक्यानं लाकडावरचं रक्त टिपलं. नीट टिपलं, रेषांच्या दिशेनं. मग त्याच्यासमोर बसली.

"मी दिवाळीपासून देखी ऱ्हायनी," ती म्हणाली. "उकळता चहाना गिलास हातमा धरी बसतस तुम्ही. मले काय येडी समजतस?"

भटूनं पटाशी पुसून बाजूला ठेवली. तिनंच विचारलं, तबलीचं आता काय? त्यानं सांगितलं, की हाताला कळत नाही, आणि हाताला कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एवढं एक वाक्य बोलायला त्याला बराच वेळ लागला.

"मना हात शे ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी, गल्ली जेवून आडवी झाली की ती दुकानात येऊन बसायची. दाराच्या दोन फळ्या लावलेल्या असायच्या. तो टिचकी मारायचा, ती हाताची कड लाकडाला लावून सांगायची. तिला सुरांचं काही कळत नव्हतं. साक्री तालुक्यातल्या शेतकऱ्याघरची ती, तिचे शब्द सुपाचे आणि चाळणीचे होते. इथं बाजरी पाखडल्यासारखं लागतं, इथं ओल्या दाण्यासारखं जड. पहिल्या दिवशी दोघंही गोंधळली. दुसऱ्या दिवशी त्याला तिची भाषा समजायला लागली. ती जड म्हणाली की तो तिथल्या पट्टीचा एक छिलका काढायचा, कागदासारखा पातळ, आणि पुन्हा टिचकी.

"आते?"

"आते बोलस."

"आणि आठे?" त्यानं शेजारच्या जागेवर टिचकी मारली.

तिनं हात सरकवला, थांबली, पुन्हा टेकवला. "आठे मरेल शे," ती म्हणाली आणि म्हणून झाल्यावर तिला वाईट वाटलं. तिनं लगेच त्याच्याकडे पाहिलं नाही. भटूनं पटाशी घेतली. त्या जागेमागची लहान पट्टी उतरवायला त्यांना तीन दुपारी लागल्या.

तिसऱ्या दुपारी गावित आला. दाराच्या फटीतून त्याला दोघं दिसली असावीत, कारण आत आल्यावर तो नेहमीसारखा फळीवर बसला नाही. कोपऱ्यात उभा राहून बघत राहिला. मिस्तरी टिचकी मारत होता, पटाशी चालवत होता, पण हात लाकडाला लावत होती त्याची बायको. करंगळीला चिंधी होती आणि शेजारचं बोट आत वळलेलं होतं.

भिकुबाई उठून आत गेली. गावितनं उरलेली फळी ओढून दार पूर्ण लावलं आणि स्टुलावर बसला.

"आबा, बाही वर करा."

भटूचा हात बटणावरच थिजला. त्यानं सांगितलं, की काही नाही, जुना नायटा आहे. गावितनं वाद घातला नाही. पुन्हा तेच शब्द तसेच म्हटले, हळू. भटूनं बटण काढलं.

गावितनं खिशातून कापूस काढून त्याची वात वळली. डोळे मिटायला सांगितले. जिथं कापूस लागेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. डाव्या मनगटावर लागला, भटूनं दाखवलं. उजव्या खांद्यावर लागला, दाखवलं. मग गावित थांबला. भटू डोळे मिटून बसला होता. बाहेर टांग्याच्या घुंगरांचा आवाज येऊन गेला. लखीचंदच्या दुकानात कुणीतरी पोतं टाकलं. गावित पिशवीत काही शोधत असेल, असं त्याला वाटलं.

"करा ना सुरू," तो म्हणाला.

"झालं, आबा," गावित म्हणाला.

भटूनं डोळे उघडले. कोपरावर आणि तळहाताच्या कडेवर, कापूस टेकवला होता तिथं तिथं, शाईच्या पेनानं केलेले निळे ठिपके होते. त्यानं ते मोजले. अकरा होते.

गावित समजावून सांगत होता. हा पसरणारा प्रकार नाही, तुमच्यापासून घरात कुणाला धोका नाही. गोळ्या आहेत, त्या काही वर्षं घ्याव्या लागतील. रोग थांबेल. बोटांत गेलेली जाण बहुधा परत येणार नाही, पण उरलेला हात वाचेल. भटू ऐकत होता, पण त्याचं लक्ष गावितच्या पिशवीकडे होतं. पिशवीतून एका रजिस्टराच्या लाल कापडी पाठपट्टीचं टोक दिसत होतं.

"नाव लिखनं पडी का?"

"नाव लिहिल्याशिवाय गोळ्या देता येत नाहीत."

"वैशाखमा पोरनं लगीन शे, भाऊ. तोवर नका लिखू."

गावित म्हणाला, की दोन महिन्यांत आणखी एक बोट जाईल, कदाचित अंगठा. रजिस्टर आपण कुणाला दाखवत नाही. पण न लिहिता गोळ्या देणं आपल्याला जमणार नाही. भटू उठला. त्यानं अर्धी झालेली तबली आणि गिटारीचा उघडा सांगाडा फळीवर आणून ठेवला.

"तुमनी वस्तू ली जा," तो म्हणाला. "मनाकडून व्हवाव नही."

गावितनं गिटारीकडे पाहिलं. तो ती न घेताच निघाला. जाताना त्यानं फळी पुन्हा जशी होती तशी अर्धी उघडी करून ठेवली.

त्यानंतर भटूनं कामाला हात लावला नाही. शाईचे ठिपके त्यानं राखेनं घासून काढले. गल्लीत सायकलची घंटी वाजली की तो दुकानाच्या आत सरकायचा. गावितनं परस्पर नाव लिहिलं असेल. त्याच्या साहेबानं वाचलं असेल. साहेबाचा शिपाई याच गल्लीत राहत असेल. पोस्टमन पाच मिनिटं लखीचंदशी बोलत उभा राहिला तर भटूला वाटायचं, हे त्याचंच चाललंय. कोकिळा एकदा त्याच्या ताटात भाकरी वाढताना हसली, तर त्यानं तिला उगाच दरडावलं. ती भाकरीची टोपली घेऊन उठली. तिला वाटलं असणार, लग्नाच्या काळजीनं बाप असा झाला आहे. तेही खोटं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी गावित आला. आत आला नाही, पायरीवरच बसला.

"आज अक्का आल्या होत्या दवाखान्यात," तो म्हणाला.

सरकारी दवाखान्यामागच्या एका खोलीत दर गुरुवारी त्याचं काम चालायचं. भिकुबाई सकाळी भाजीला जाते म्हणून निघाली होती. ती रांगेत बसली, नंबर आल्यावर टेबलापाशी गेली आणि तिनं गावितला जे सांगितलं ते त्यानं तिच्याच शब्दांत भटूला सांगितलं. "त्यास्नं नाव लिखू नका. मनं लिखा. गोळ्या मी ली जासू."

"चार वर्षं ही नोकरी करतोय," गावित म्हणाला. "नाव लपवणारे पुष्कळ भेटले. दुसऱ्याच्या नावाऐवजी स्वतःचं लिहा म्हणणारं कुणी नव्हतं आलं." मग तो म्हणाला, की ते करता येत नाही असं मी त्यांना सांगितलं, आणि सायकल घेऊन गेला.

भटू आत गेला. भिकुबाई सुपात मठाची डाळ निवडत होती. तो तिच्यासमोर बसला आणि हे काय केलंस म्हणून विचारलं. तिनं खडा काढून बाजूला टाकला.

"तुम्हना हात देखी लोक काम देतस," ती म्हणाली. "मना हातले कोन इचारस?"

पुढच्या गुरुवारी दोघं बरोबर गेली. खोलीबाहेर कडुनिंबाखाली पंधरा-वीस माणसं बसली होती. भटू आधी एका बाजूला उभा राहिला, मग बसला. नंबर आल्यावर गावितनं त्याला अनोळखी माणसासारखंच नाव विचारलं, वय विचारलं, गल्ली विचारली. धंद्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. "वाजा बनाडस," भटू म्हणाला. गावितनं 'वाद्य बनवणारा' असं लिहिलं. मग भिकुबाईला तपासलं, शनिवारी घरी येऊन कोकिळेला तपासलं. दोघी चांगल्या होत्या. कोकिळेला त्या दिवशी सगळं समजलं. संध्याकाळी तिनं बापाच्या चहाचा गिलास फडक्यात गुंडाळून दिला.

लग्नाचं काय, यावर नवरा-बायकोत दोन दिवस धुसफूस झाली. भिकुबाईचं म्हणणं, सांगायचं नाही. रोग पसरणारा नाही, मग कुणाचं वाईट होणार? भटूचं म्हणणं होतं, की आज ना उद्या बोटं दिसतील. लग्नानंतर कळलं तर ते पोरीला हाकलून देतील, कदाचित कडेवर लेकरू असताना. आत्ता कळलं तर ती निदान आपल्या घरी असेल. भिकुबाई भांडली, रडली आणि शेवटी तिनं त्याचं धुतलेलं धोतर काढून ठेवलं.

तो एस.टी.नं जळगावला गेला, तिथून पिंप्राळ्यापर्यंत चालत. मुलाचा बाप ओट्यावर बसला होता. भटूनं बाही वर करून सांगितलं. गावितनं सांगितलेलंही सांगितलं. मुलाचा बाप शांतपणे ऐकत होता. त्यानं चहा मागवला, दोघांनी घेतला. मग तो भटूला पोचवायला स्टँडपर्यंत आला, सगळा रस्ता केळीच्या भावाबद्दल बोलत. गाडी सुटेपर्यंत तो उभा राहिला. आम्ही घरात विचार करून कळवतो, असं तो शेवटी म्हणाला. भटूला वाटलं, माणूस चांगला आहे, काही सांगता येत नाही.

परत येऊन त्यानं काम धरलं. भिकुबाईच्या हातानं राहिलेल्या पट्ट्या उतरवल्या, तबली सांगाड्यावर बसवली, घोडी लावली. ईस्टरला पाच दिवस होते तेव्हा गावितनं तारा आणून दिल्या. सहाही तारा चढवून हळूहळू ताणत नेल्या आणि मग भटूनं गिटार फळीवर उताणी ठेवून घोडीपुढे एक सुती दोरा आडवा धरला. दोरा आणि तबली यांच्यामध्ये किती फट आहे ते पेन्सिलीनं लिहून ठेवलं. आता थांबायचं. पट्ट्या कमी पडल्या असतील तर दोन दिवसांत तबली बसू लागेल. तो तासातासानं दोरा धरून बघत होता. पहिल्या दिवशी फट केसभर वाढल्यासारखी वाटली. त्यानं भिकुबाईला बोलावलं. तिनं बघितलं आणि काही वाढलं नाही, तुमच्या बोटांत दोरा ढिला पडतो, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंप्राळ्याहून कार्ड आलं. पोस्टमननं ते गिटारीशेजारीच ठेवलं. भटूला अक्षर लागायचं, पण त्यानं कोकिळेला हाक मारली. तिनं उभ्यानंच वाचलं. यंदाची तिथी आमच्या घरी जमत नाही, तरी आपण दुसरीकडे बघावं, मुलीचं कल्याण होवो. कारण लिहिलं नव्हतं. गावभर होईल असा एक शब्दही कार्डावर नव्हता, तेवढं त्यांनी पाळलं होतं.

कोकिळेनं कार्ड दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मनातल्या मनात. मग तिनं विचारलं, "आबा, तो दोरा धरू का मी?"

तिनं एक टोक धरलं, त्यानं दुसरं. फट होती तेवढीच होती.

ईस्टरच्या रविवारी गावित सकाळीच टांगा घेऊन आला. मिस्तरी आणि अक्कांनी यावं, असं त्याचं म्हणणं होतं. एखादी तार सुटली तर हाताशी कुणीतरी हवं. कुठं जायचं ते त्यानं आधी सांगितलं नव्हतं. टांगा पांझरेच्या पुलावरून पलीकडे गेला आणि डावीकडे वळला तेव्हा भटूला समजलं. त्या बाजूला महारोग्यांची वसाहत होती. लहानपणी बापाबरोबर शिंदखेड्याला जाताना त्या कुंपणाजवळ आलं, की बाप त्याला नाक धरायला लावायचा. टांगेवाल्यानं फाटकापाशीच उतरवलं.

आवारात चिंचेखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. चाळीसेक माणसं बसली होती, बायका एका बाजूला. काहींच्या हातापायांना पांढऱ्या पट्ट्या, काहींची बोटं होती, काहींची नव्हती. पाहुण्यांसाठी एका कडेला लाकडी बाक ठेवला होता. त्यावर दवाखान्याचे दोघंतिघं बसले होते. बाकावर अजून दोघांपुरती जागा होती.

गावितनं गिटार काढली आणि उभ्यानंच वाजवायला सुरुवात केली. भटू झाडाच्या बुंध्याशी उभा होता. त्याचे डोळे घोडीवर होते. प्रत्येक जोरकस झंकाराला त्याला वाटायचं, आता पट्टी सुटेल. दोन गाणी झाली. लोक तोंडानं साथ देऊ लागले. भिकुबाईनं त्याला हळूच कोपर मारलं, ऐका म्हणून. तेव्हा कुठं त्याला आवाज ऐकू आला. मोठा आणि मोकळा आवाज होता. खालच्या तारेला थोडा घोगरा, तिथं आणखी एक छिलका निघाला असता.

तिसरं गाणं संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं गावितला जवळ बोलावलं. त्याच्या दोन्ही हातांची बोटं झडलेली होती. गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं वाकून तबलीला गाल लावला आणि गावितला तार छेडायला सांगितलं. गावितनं छेडली. म्हातारा तसाच वाकून राहिला, आवाज विरेपर्यंत.

"कोनी बनाडी?" त्यानं मान वर करून विचारलं.

गावितनं भटूकडे पाहिलं नाही, तो खाली वाकून तारेची खुंटी पिळत राहिला. पाच-सहा माणसं वळून झाडाशी उभ्या असलेल्या अनोळखी जोडप्याकडे बघू लागली.

"आम्ही दोन्हीस्नी," भटू म्हणाला.

बाकावरच्या माणसानं सरकून जागा केली आणि हातानं या म्हणून खुणावलं. भटूनं त्याला नमस्कार केला. मग त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, त्या नीट जोडून झाडाशी ठेवल्या आणि म्हाताऱ्याशेजारी सतरंजीवर मांडी घातली. ऊन वर आलं होतं. त्यानं बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत दुमडली.